आपल्या जिल्ह्यात भाजलेल्यांसाठी खाटा किती?

तुम्ही आठ-दहा जण, कोल्हापुरात शिकणारे. जगभरातल्या अण्वस्त्रांवर बंदी यावी यासाठी काही करायचं ठरवलंत, आणि पहिल्याच बैठकीत तुमच्यातल्या एकाने विचारलं, ‘भारत स्वतः बॉम्ब बाळगून आहे, बंदीच्या करारावर तो सही करणार नाही, मग इथे बसून आपण ओरडून काय होणार?’ त्यावर सगळे गप्प झालात आणि मला विचारलंत. जोडीला दुसरा प्रश्न, सुरुवात कुठून करायची?

पहिल्याचं उत्तर आडपडदा न ठेवता देते. तुमचं शिक्षण संपेपर्यंत भारत सही करणार नाही. तुमच्या मुलांचं शिक्षण संपेपर्यंत करेल का, तेही मी सांगणार नाही. १९९८ च्या मे महिन्यात पोखरणची बातमी आली तेव्हा मी भाजलेल्यांच्या वॉर्डात राउंडला होते. कुणीतरी पेढ्यांचा बॉक्स फिरवत वॉर्डापर्यंत आणला. ड्रेसिंग बदलताना कळवळणारी एक बाई, तिच्या उशाशी पेढा. तेव्हापासून मी या कामात आहे, आणि सही ‘आता होईल, मग होईल’ या आशेवर मी एक दिवसही काम केलेलं नाही. त्या आशेवर काम करणारे दोन-तीन वर्षांत थकून घरी बसले. चांगली माणसं होती.

मग काम कशाचं? बॉम्ब ही पेढे वाटण्याची गोष्ट आहे, ही समजूत मोडण्याचं. कायदा त्यातलं एक हत्यार आहे. तो आला कसा हे आधी बघा, कारण त्यात तुमच्या मित्राच्या शंकेचं अर्धं उत्तर आहे.

रॉन मॅककॉय नावाचे मलेशियातले स्त्रीरोगतज्ज्ञ. बाळंतपणं करणारा माणूस. २००५ साली अण्वस्त्र प्रसारबंदी कराराची आढावा परिषद न्यूयॉर्कला महिनाभर चालली आणि हात हलवत संपली. हा करार १९७० पासून लागू आहे, आणि त्याच्या सहाव्या कलमात अण्वस्त्रधाऱ्यांनी निःशस्त्रीकरणाच्या वाटाघाटी मनापासून करायच्या असं लिहिलेलं आहे. पस्तीस वर्षं झाली तरी ते कलम कागदावरच. मॅककॉयनी आपल्या डॉक्टर सहकाऱ्यांना लिहिलं, की भूसुरुंगांवर बंदी आणणाऱ्यांनी केलं तसं आपण करू, मोठ्या देशांची वाट बघायची नाही. मोहिमेचं नावही त्यांनीच सुचवलं, तेच पुढे ‘आयकॅन’, म्हणजे अण्वस्त्रं संपवण्याची आंतरराष्ट्रीय मोहीम. ज्या संघटनेत हे पत्र गेलं ती अमेरिकेचे बर्नार्ड लाऊन आणि सोव्हिएत संघाचे येवगेनी चाझोव्ह या दोन हृदयरोगतज्ज्ञांनी १९८० मध्ये शीतयुद्धाच्या ऐन भरात काढलेली. १९८५ चं शांततेचं नोबेल तिला मिळालं होतं. २००७ मध्ये मेलबर्नमधून मोहीम उभी राहिली. दहा वर्षांनी, २०१७ मध्ये, आयकॅनलाही नोबेल मिळालं.

या दहा वर्षांतली खरी अक्कलहुशारी जागा निवडण्यात होती. निःशस्त्रीकरणाची बोलणी जीनिव्हातल्या परिषदेत व्हायची, आणि तिथे सगळं एकमताने. एकाने मान हलवली की सगळं ठप्प. १९९६ च्या चाचणीबंदी करारानंतर त्या परिषदेतून एकही करार बाहेर पडलेला नाही. (तो चाचणीबंदी करारसुद्धा तिथे भारताने अडवला होता; मग ऑस्ट्रेलियाने तो उचलून थेट संयुक्त राष्ट्रांच्या महासभेत नेला. आपल्या मुत्सद्द्यांना हे चांगलं लक्षात आहे, म्हणून ‘जीनिव्हातच बोलू’ हा त्यांचा आग्रह.) मोहिमेने तोच रस्ता धरला. आधी नॉर्वेने मार्च २०१३ मध्ये ओस्लोला परिषद बोलावली, मग २०१४ मध्ये मेक्सिकोत नायारित आणि डिसेंबरात व्हिएन्ना. विषय एकच: बॉम्ब फुटला तर माणसांचं काय होतं? क्षेपणास्त्रं, धाक, समतोल, सगळं दाराबाहेर. रेडक्रॉसने सांगितलं, की अशा स्फोटानंतरच्या मदतकार्याला कोणतंही सरकार किंवा आंतरराष्ट्रीय संस्था पुरी पडू शकणार नाही. भारताचे प्रतिनिधी या तिन्ही परिषदांना हजर होते. हे लिहून ठेवा, कामाला येईल.

मग महासभा, जिथे बहुमत चालतं. २०१६ मध्ये वाटाघाटी सुरू करायच्या ठरावावर अमेरिका, रशिया, ब्रिटन, फ्रान्स विरोधात गेले. भारत, चीन आणि पाकिस्तान तटस्थ राहिले. ७ जुलै २०१७ ला करार मंजूर झाला. बाजूने १२२, विरोधात एक, तटस्थ एक. नऊही अण्वस्त्रधारी देश त्या दालनात फिरकलेच नाहीत. पन्नासावं अनुसमर्थन, म्हणजे सहीनंतरची पक्की मान्यता, ऑक्टोबर २०२० मध्ये होंडुरासने दिलं आणि २२ जानेवारी २०२१ पासून करार अमलात आला. आज सत्तरहून जास्त देश त्याला बांधील आहेत. बनवणं, बाळगणं, साठवणं, वापरणं, वापराची धमकी देणं, दुसऱ्याचा बॉम्ब आपल्या भूमीवर ठेवू देणं, या सगळ्याला मनाई.

त्या एका विरोधी मताची गोष्ट तुमच्या मित्राला सांगा. ते मत नेदरलँड्सचं. नाटोतला हा एकच देश वाटाघाटींना बसला, आणि तोही खुशीने नव्हे. तिथल्या शांतता संघटनेने, रेडक्रॉसने आणि एका बँकेने मिळून चाळीस हजारांवर सह्या जमवल्या. तिथल्या नियमाप्रमाणे तेवढ्या सह्यांवर संसदेत चर्चा घ्यावीच लागते. संसदेने सरकारला सांगितलं, जा आणि बस. सरकार गेलं, बसलं, आणि शेवटी विरोधात मत दिलं. हा जय की पराजय? मी त्याला जय म्हणते. विरोध का करतो ते त्या सरकारला तोंडाने, नोंदवहीत, आपल्या लोकांपुढे सांगावं लागलं. आपल्याकडे तेवढंसुद्धा अजून कुणी सरकारला सांगायला लावलेलं नाही.

आता सुरुवात कुठून, हा प्रश्न. माझं उत्तर ठरलेलं आहे आणि त्याची थट्टाही होते. सुरुवात खाटांपासून.

मी पस्तीस वर्षं सर्जन होते, त्यातली बहुतेक भाजलेल्यांच्या वॉर्डात. बारा खाटा. पूर्वी तिथे बहुतेक तरुण बायकाच असायच्या, कागदावर ‘स्टोव्हचा भडका’ असं लिहिलेलं असायचं. तो वेगळा विषय आहे. साठ किलोचा माणूस चाळीस टक्के भाजून आला, तर पहिल्या चोवीस तासांत त्याला साडेनऊ लिटरच्या आसपास सलाइन लागतं. त्यातलं निम्मं पहिल्या आठ तासांत, आणि ते आठ तास तो भाजला तेव्हापासून मोजायचे, तुमच्या दारात पोचला तेव्हापासून नव्हे. दर तासाला लघवी मोजायची. श्वासनलिका सुजते आहे का ते बघत राहायचं. पुढे रोजचं ड्रेसिंग, मेलेली कातडी काढणं, मांडीची कातडी काढून छातीवर लावणं, आणि सगळ्यांत चिवट शत्रू म्हणजे जंतुसंसर्ग. एक रुग्ण दीड-दोन महिने खाट अडवतो. एवढं करून तो वाचतोच असं नाही.

एका वर्षी दिवाळीच्या तोंडावर फटाक्यांच्या गोदामाला आग लागली आणि एका रात्रीत अकरा जण आमच्याकडे आले. फक्त अकरा. रात्री दोनपर्यंत सलाइन संपलं. शेजारच्या दोन तालुक्यांतून जीप पाठवून बाटल्या आणल्या. व्हरांड्यात गाद्या टाकल्या. शिकाऊ मुलींपासून मामांपर्यंत सगळे राबले, तरी पाच जण गेले. त्या रात्री वीज होती, रस्ते होते, फोन लागत होते, सगळे डॉक्टर धडधाकट होते.

आता ६ ऑगस्ट १९४५ चं हिरोशिमा. आजच्या हिशेबाने लहान बॉम्ब, पंधरा किलोटनांचा. वर्षाअखेरपर्यंत सुमारे १ लाख ४० हजार माणसं मेली. शहरातले दहातले नऊ डॉक्टर आणि नर्सेस मेले किंवा जखमी झाले. रेडक्रॉसचे मार्सेल ज्युनो औषधं घेऊन तिथे पोचले ते ८ सप्टेंबरला, म्हणजे महिन्यानंतर, आणि त्यांच्याकडे होती पंधरा टन सामग्री. आमचे पहिले आठ तास कुठे आणि हा महिना कुठे!

एम. व्ही. रमणा या भौतिकशास्त्रज्ञाने १९९९ मध्ये अभ्यास केला, की हिरोशिमाएवढाच बॉम्ब मुंबईवर पडला तर काय होईल. जागा, उंची, वारा बदलला की आकडा बदलतो. त्यांचा अंदाज दीड लाखापासून आठ लाखांच्या पुढेपर्यंत मृत्यूंचा होता. गिरगाव-परळच्या चाळी डोळ्यांपुढे आणा. भाजलेले जे जिवंत राहतील त्यांना न्यायचं कुठे? ऐरोलीला भाजलेल्यांसाठीचं खास रुग्णालय आहे. चांगलं आहे. खाटा किती?

म्हणून तुमचं पहिलं काम हे. माहितीच्या अधिकारात जिल्हा शल्यचिकित्सकांकडे अर्ज करा. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एकच विषय, दीडशे शब्दांच्या आत. महाराष्ट्रात हा नियम आहे आणि त्यावर बोट ठेवून अर्ज परत येतात. जिल्ह्यातल्या सरकारी रुग्णालयांत भाजलेल्यांसाठी राखीव खाटा किती, एवढंच विचारा. तीस दिवसांत उत्तर यायला हवं. खासगी रुग्णालयांचा आकडा डॉक्टरांच्या संघटनेच्या स्थानिक शाखेत जाऊन गोळा करा. डॉक्टरांना हा प्रश्न आवडतो, कारण त्यात राजकारण दिसत नाही आणि तो त्यांच्या रोजच्या डोकेदुखीचा आहे. जो आकडा मिळेल तो घेऊन शाळेत, मंडळात, ग्रामसभेत जा. कोणतंही भाषण करू नका. आकडा सांगा, मग माझ्या अकरा रुग्णांची गोष्ट सांगा, मग हिरोशिमा. क्रम चुकवू नका. हिरोशिमा आधी सांगितलं की लोक सुस्कारा टाकतात आणि घड्याळ बघतात. ते दूर आहे, जुनं आहे, जपानचं आहे. सलाइनची बाटली प्रत्येकाने पाहिलेली असते.

सुस्काऱ्यानंतर एक जण उठतोच. त्याची वाट बघा, त्याच्याशिवाय सभा सभा होत नाही.

साताऱ्याकडचं एक गाव, घरटी एक माणूस फौजेत. मी बोलून खाली बसते तोवर मागून एक निवृत्त सुभेदार उभे राहिले. मिशा, ताठ पाठ. म्हणाले, ‘मॅडम, तुमचं समदं बराबर. पन त्यांच्याकडं हाय, मग आपन काय बांगड्या भरायच्या व्हय?’ सगळी सभा हसली. मी हात वर केला. माझ्या हातात होत्याच बांगड्या. म्हटलं, ‘सुभेदारसाहेब, मी भरल्यात. ऑपरेशनच्या आधी काढते, झालं की परत घालते. भाजलेला जवानपण याच हातांखालून गेलाय.’ आता सभा माझ्या बाजूने हसली. पण तेवढ्यावर जिंकलो असं समजायचं नसतं. त्यांचा प्रश्न खरा होता आणि त्याला खरं उत्तर देणं लागत होतं.

मी त्यांनाच विचारलं, ‘तुम्ही कारगिलला होता?’ होते. १९९८ च्या मे महिन्यात दोन्ही देशांनी चाचण्या केल्या, आणि वर्षाच्या आत कारगिल झालं. बॉम्बच्या धाकाने युद्ध थांबतं असं म्हणतात, मग हे काय होतं? सुभेदार म्हणाले, ‘पन मोठं युद्ध न्हाई झालं.’ मुद्दा बरोबर होता, आणि मी तो मान्य केला. धाकाचं तंत्र कधीच चालत नाही असं म्हणू नका. ते खोटं आहे आणि फौजी माणूस तुम्हाला तिथेच पकडेल. म्हणायचं एवढंच, की ते दर वेळी, न चुकता, कायमचं चाललं पाहिजे, आणि माणसाने बनवलेली कोणतीही गोष्ट तशी चालत नाही.

इथे परदेशातल्या गोष्टी पुष्कळ आहेत. सप्टेंबर १९८३ मध्ये सोव्हिएत उपग्रहांनी ढगांवरून परावर्तित झालेल्या उन्हाला अमेरिकी क्षेपणास्त्रं समजून घंटा वाजवली. पाळीवर असलेल्या स्तानिस्लाव पेत्रोव्ह या अधिकाऱ्याने ती खोटी मानली म्हणून आपण आहोत. पण गावात मी पेत्रोव्हपेक्षा आपलीच गोष्ट सांगते. ९ मार्च २०२२ ला भारताचं एक ब्रह्मोस क्षेपणास्त्र चुकून सुटलं आणि पाकिस्तानी पंजाबात मियां चन्नूजवळ जाऊन पडलं. त्यावर अण्वस्त्र नव्हतं, कुणी मेलं नाही. आपल्या सरकारने चूक कबूल केली, चौकशी केली आणि हवाई दलाच्या तीन अधिकाऱ्यांना बडतर्फ केलं. सरकारनेच जाहीर केलेली गोष्ट आहे, कुणी तुम्हाला देशद्रोही म्हणू शकत नाही. आता विचारा, ते तणावाच्या दिवसांत सुटलं असतं तर? पलीकडच्या अधिकाऱ्याला ठरवायला किती मिनिटं मिळाली असती? सुभेदार यावर बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘आमच्याकडं रायफल साफ करतानाबी सुटती.’ त्या सभेतलं सगळ्यांत चांगलं वाक्य तेच होतं, आणि ते माझं नव्हतं.

देशद्रोहाचा विषय निघालाच तर ॲडमिरल रामदासांचं नाव घ्या. १९९० ते १९९३ नौदलप्रमुख, निवृत्तीनंतर अलिबागजवळ शेती, आणि शेवटपर्यंत अण्वस्त्रांच्या विरोधात जाहीर भूमिका. २००४ मध्ये पाकिस्तानच्या आय. ए. रहमान यांच्याबरोबर त्यांना मॅगसेसे मिळालं. २०२४ मध्ये ते गेले. गणवेशातल्या माणसाने बोललेलं वेगळ्या कानाने ऐकलं जातं. तुमच्या भागात निवृत्त फौजी कमी नाहीत. एक जरी तुमच्या बाजूला आला तर दहा प्राध्यापकांचं काम होईल. मी हे एका प्राध्यापकाची बायको म्हणून सांगते.

आता भारत सरकार. त्याच्याशी भांडण लावून घेण्याची घाई करू नका, आधी त्याची जुनी वही उघडा. १९५४ च्या मार्चमध्ये अमेरिकेने प्रशांत महासागरातल्या बिकिनी बेटावर पंधरा मेगाटनांचा बॉम्ब फोडला, आणि एप्रिलमध्ये नेहरूंनी संसदेतून चाचण्या थांबवण्याची मागणी केली. जगात सरकारी पातळीवरून असं बोलणारे ते पहिल्यांत होते. १९८८ च्या जूनमध्ये राजीव गांधींनी संयुक्त राष्ट्रांत २०१० पर्यंत सगळी अण्वस्त्रं टप्प्याटप्प्याने संपवण्याचा आराखडा मांडला. अण्वस्त्रांच्या वापरावर बंदी आणणारा करार करा, असा ठराव भारत १९८२ पासून महासभेत मांडत आलाय. पहिला वार आपण करणार नाही, हे आपलं जाहीर धोरण आहे. आणि सगळ्यांत उपयोगाची गोष्ट: भारताने रासायनिक अस्त्रांवरच्या बंदीचा करार केला, आपल्याकडे साठा आहे हे १९९७ मध्ये कबूल केलं आणि आंतरराष्ट्रीय तपासनिसांपुढे २००९ पर्यंत तो संपूर्ण नष्ट केला. एक आख्खा अस्त्रप्रकार आपण सोडून दिला. त्या दिवशी कुणाच्या बांगड्यांचा विषय निघाला होता का?

म्हणून मागण्या अशा करा, की ज्याला नाही म्हणताना सरकारला आपल्याच वहीविरुद्ध बोलावं लागेल. करारातल्या देशांच्या बैठकीला निरीक्षक म्हणून जा, ही माझी आवडती मागणी. सही नको, वचन नको, मागच्या खुर्चीवर बसून ऐका. २०२२ मध्ये व्हिएन्नाच्या पहिल्या बैठकीला नाटोतले जर्मनी आणि नॉर्वे असेच जाऊन बसले होते. ओस्लो, नायारित, व्हिएन्नाला आपण गेलो होतो, मग आता का नको? दुसरी मागणी या बंदी करारातल्या सहाव्या कलमाची: चाचण्यांनी आणि स्फोटांनी बाधित झालेल्यांना मदत. मार्शल बेटांवर अमेरिकेने ६७ चाचण्या केल्या, कझाकस्तानात सेमिपालातिन्स्कला सोव्हिएत संघाने ४५६. तिथल्या रुग्णांसाठी भारत डॉक्टर पाठवू शकतो, औषधं पाठवू शकतो. त्यासाठी सही लागत नाही. या मागण्या घेऊन तुमच्या खासदाराकडे जा. ६ ऑगस्टला लोकसभेत हिरोशिमाच्या मृतांना श्रद्धांजली वाहिली जाते. त्याच आठवड्यात एक तारांकित प्रश्न विचारा म्हणावं. पक्ष कोणताही असो. आम्हाला तीन पक्षांच्या खासदारांनी चहा पाजलाय, एकाने प्रश्न विचारलाय.

सेमिपालातिन्स्कवर थोडं रेंगाळते, कारण तुमचा मित्र ‘ओरडून काय होतं’ म्हणाला. फेब्रुवारी १९८९ मध्ये ओल्झास सुलेमेनोव्ह हे कझाक कवी दूरचित्रवाणीवर कविता वाचायला गेले होते. कविता बाजूला ठेवून त्यांनी चाचणीस्थळातून किरणोत्सर्ग गळल्याचं सांगितलं आणि ते बंद करण्यासाठी लोकांना हाक दिली. लगेचच माणसं जमली आणि चळवळ उभी राहिली. त्या वर्षीच्या ठरलेल्या बऱ्याच चाचण्या रद्द झाल्या, आणि २९ ऑगस्ट १९९१ ला ते स्थळ कायमचं बंद झालं. तेव्हा सोव्हिएत संघ मोडकळीला आला होता हे खरं. पण वारा आपल्या बाजूने वाहील तेव्हा शीड उभारलेलं तरी हवं ना? आणि कवीच हवा असंही नाही. १९५४ मध्ये बिकिनीच्या राखेने जपानी मच्छीमार बोटीवरचे लोक आजारी पडले, टूना मासा कुणी घेईना, तेव्हा टोकियोतल्या सुगिनामी भागात मासळी विकणारे आणि घरसंसार करणाऱ्या बायका यांनी सह्या गोळा करायला सुरुवात केली. वर्षाच्या थोड्या वरच्या काळात देशभर तीन कोटींहून जास्त सह्या झाल्या. त्याच लाटेत १९५६ मध्ये बॉम्बमधून वाचलेल्यांची संघटना, निहोन हिदानक्यो, उभी राहिली, जिला २०२४ चं नोबेल मिळालं. अडुसष्ट वर्षांनी.

आम्ही केलेल्या चुका थोडक्यात सांगते. पहिली, अणुवीज आणि अणुबॉम्ब एका पोत्यात भरले. जैतापूरबद्दल तुमचं जे मत असेल ते असू दे, माझंही आहे. पण हा करार वीजनिर्मितीला हात लावत नाही, आणि तारापूरला नोकरी करणारा इंजिनिअर बॉम्बविरुद्ध तुमच्याबरोबर सही करू शकतो. त्याला दारातूनच परत पाठवू नका. दुसरी, परदेशातली मोहीम जशीच्या तशी उचलली. तिकडे बँकांना आणि पेन्शन फंडांना बॉम्ब बनवणाऱ्या कंपन्यांतून पैसे काढायला लावतात, आणि ते चालतं. नेदरलँड्समधल्या एबीपी या प्रचंड पेन्शन फंडाने २०१८ मध्ये तसं जाहीर केलं. आपल्याकडे बॉम्ब सरकारी खात्यात बनतो. मी एका बँक मॅनेजरसमोर अर्धा तास हे समजावत बसले होते, तो बिचारा कर्जाचा फॉर्म काढून बसला होता. तिसरी, पैसे. परदेशातून एक रुपयाही घेऊ नका. कायद्याची परवानगी लागते, आणि परवानगी असली तरी पुढची सगळी वर्षं ‘कुणाच्या पैशावर?’ याचंच उत्तर देण्यात जातील. वर्गणी काढा. झेरॉक्सला आणि चहाला पुरते.

मोर्चाबद्दल विचारलं नाहीत, तरी विचारालच. पहिल्या वर्षी काढू नका. काढलात तर पोलीस ठाण्यात आधी जाऊन साहेबांना भेटून या, अर्जात मार्ग आणि वेळ लिहा. वरळीला १९५६ पासून जपानी बौद्ध मंदिर आहे. ते उभारणाऱ्या पंथाचे संस्थापक निचिदात्सु फुजी वर्ध्याला गांधीजींना भेटले होते, आणि त्यांचा ‘ना म्यो हो रेंगे क्यो’ हा मंत्र आश्रमाच्या प्रार्थनेत म्हटला जायचा. त्या पंथाचे भिक्षू डफ वाजवत जगभर शांतियात्रांत चालतात. घोषणांपेक्षा त्या डफाने रस्त्यावरची माणसं लवकर थांबतात, असा माझा अनुभव.

तुमच्या पत्रकाचा मसुदा वाचला. ‘मानवजातीच्या विनाशाचे काळे ढग’ काढून टाका. धुराचा ढग खराच असतो, पण त्याचा हिशेब द्या: २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाप्रमाणे भारत-पाकिस्तान अणुयुद्धातल्या काजळीने जगभर पिकं बुडून दोनशे कोटींहून जास्त माणसं उपाशी मरू शकतात. स्टॉकहोमच्या सिप्री संस्थेच्या अंदाजाने २०२५ च्या सुरुवातीला जगात १२,२०० च्या आसपास अण्वस्त्रं होती, भारताकडे सुमारे १८० आणि पाकिस्तानकडे १७०. एवढे आकडे पुरे. त्यांच्याखाली मोठ्या टाइपात जिल्ह्यातल्या खाटांचा आकडा छापा, आणि तो कोणत्या तारखेला, कोणत्या कार्यालयाकडून मिळाला तेही लिहा. पुढच्या ऑगस्टात पुन्हा अर्ज करा. वाढला असेल तर सिव्हिल सर्जनना पेढे द्यायला मला बोलवा.